मधली भाषा

दवाखान्यातला खरा प्रश्न बहुधा निघताना विचारला जातो. रोगी आत येतो, स्टुलावर बसतो, कंबर दुखते म्हणतो, भूक लागत नाही म्हणतो. नाडी पाहून होते, छातीला नळी लावून होते, औषधाची चिठ्ठी त्याच्या हातात पडते. तो उठतो, दारापर्यंत जातो आणि पडद्याला हात लावून तसाच उभा राहतो. ‘अजून एक विचारायचं होतं, डॉक्टरसाहेब.’ बाहेर बाकावर किती माणसे आहेत हे तो एकदा डोकावून पाहतो. त्यानंतर जे वाक्य येते त्याला अनेकदा कर्ता नसतो, कर्म नसते आणि क्रियापदही अर्धेच असते. ‘ते... रात्रीचं... आपोआप...’ एवढे म्हणून तो थांबतो आणि उरलेले वाक्य मी पुरे करावे अशा अपेक्षेने माझ्याकडे पाहतो. एकोणचाळीस वर्षांच्या व्यवसायात अशी किती अर्धी वाक्ये मी पुरी केली याची गणती मी ठेवलेली नाही. परंतु माणसाच्या देहाविषयी मी जे शिकलो त्यातला मोठा भाग या पडद्यापाशी शिकलो, असे म्हणण्यास हरकत नाही.

माझा दवाखाना भुसावळचा. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्यावरून इटारसीकडे. त्यामुळे गाव खानदेशातले असले तरी माझ्या बाकावर बसणारी माणसे साऱ्या देशातली असत. तेलुगू बोलणारा फिटर, उत्तर प्रदेशातून आलेला गँगमन, सिंधी दुकानदार, केळीच्या बागेतला मजूर, महामार्गावर ट्रक उभा करून आलेला पंजाबी चालक. प्रत्येकाच्या जेवणाची चव निराळी, देव निराळा, शिवीही निराळी. पडद्यापाशी विचारलेले प्रश्न मात्र तेच ते असत, आणि त्या सर्व प्रश्नांच्या तळाशी एकच पृच्छा असे: मी इतरांसारखा आहे ना?

या प्रश्नांना आपल्याकडे भाषा नाही, असे आपण सहज म्हणतो. ते तितकेसे खरे नाही. मराठी बायकांनी आपल्या देहाभोवती शब्दांचा केवढा तरी संसार मांडलेला आहे. मुलीला न्हाण येते, बाईला कावळा शिवतो, तिला दिवस जातात, डोहाळे लागतात, ती मोकळी होते, तिच्या अंगावरून जाते. यातला एकही शब्द अश्लील नाही आणि एकही संदिग्ध नाही. माजघरात कुजबुजत उच्चारावा आणि तरीही नेमका कळावा, अशा बेताने तो घडलेला आहे. परंतु हे सारे शब्द घडणाऱ्या गोष्टींचे आहेत. इच्छेला, वेदनेला, शंकेला त्यांत फारशी जागा नाही. पुरुषांची गत याहून वाईट. त्यांच्यापाशी एकीकडे शिव्या आहेत आणि दुसरीकडे पाठ्यपुस्तकातले संस्कृत शब्द. शिवीतून प्रश्न विचारता येत नाही, कारण शिवी उत्तर मागत नाही. संस्कृत शब्द उच्चारावा, तर विचारणाऱ्याला स्वतःचेच तोंड परके वाटू लागते. या दोहोंच्या मध्ये जी सरळ, घरगुती, न लाजणारी आणि न लाजवणारी भाषा असायला हवी होती, ती आपण नीटशी घडवलीच नाही. माझ्या व्यवसायातला निम्मा औषधोपचार म्हणजे ही मधली भाषा जमवणे होता.

सर्वांत जुना प्रश्न धातूचा. ‘धातू जाते’ ही तक्रार घेऊन येणारा बहुधा विशीच्या आसपासचा तरुण असे, मान खाली घातलेला. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो आणि तो गेला की आयुष्यातलाच काही भाग गेला, अशी त्याची पक्की समजूत असे. या समजुतीला प्रतिष्ठित पूर्वज आहेत. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र अशी सप्तधातूंची परंपरा आयुर्वेदाने सांगितली. तीत शुक्र शेवटचे, म्हणून सर्वांत मोलाचे. मी त्या परंपरेची थट्टा करीत नसे, कारण थट्टा झाली की माणूस उठून जातो आणि पुन्हा येत नाही. मी त्याला हिशेब सांगत असे. एका वेळी बाहेर पडणारा द्राव सुमारे दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचा जेमतेम भरेल इतका. त्यातला बहुतेक भाग वीर्यकोश आणि पुरःस्थ ग्रंथी यांत पाझरणारा, पाणी, साखर आणि क्षार यांनी बनलेला. चाळीस थेंब सोडाच, रक्ताचा एक थेंबही त्यात आटलेला नसतो. शुक्रपेशी घडण्याचे काम वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत चालू राहते. एकेक पेशी घडायला सुमारे सत्तर दिवस लागतात, आणि न वापरलेल्या पेशी शरीर आपल्या आपण जिरवून टाकते. झोपेत वीर्य जाणे हे भरलेल्या माठाला पाझर फुटण्याइतके स्वाभाविक. हस्तमैथुनाने दृष्टी जात नाही, स्मरणशक्ती जात नाही, मूल होण्याची शक्तीही जात नाही. लघवीला जळजळ, पू, रक्त किंवा जननेंद्रियावर फोड असेल तर मात्र तो आजार आहे. त्याची तपासणी करून घ्यावी, आणि पत्नी असेल तर तिचीही.

ही भीती केवळ आपलीच आहे असे मानण्याचे कारण नाही. लोझान येथील तिसो या नामांकित वैद्याने १७६० साली हस्तमैथुनावर ग्रंथ लिहिला. वीर्याच्या एका मापाला रक्ताची चाळीस मापे, असाच हिशेब त्यातही आहे, आणि त्या ग्रंथाने युरोपातील कित्येक पिढ्यांची झोप उडवली. आपल्याकडे १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या तक्रारीला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. देहात दोष नसताना केवळ धास्तीने माणूस खरोखर कृश होतो, त्याची भूक जाते, झोप जाते, हे त्यामुळे वैद्यकाच्या पुस्तकात नोंदले गेले.

तरुणांना या धास्तीवर उत्तर कोठे मिळे? भुसावळहून कोणत्याही दिशेला गाडीने निघावे, गावाच्या हद्दीवरील भिंतींवर ते चुन्याच्या मोठाल्या अक्षरांत लिहिलेले दिसे. गुप्तरोग, निराश होऊ नका, खात्रीचा इलाज. शाळेने जे सांगितले नाही, बापाने सांगितले नाही, डॉक्टरने घाईत ऐकून घेतले नाही, ते सांगायला या भिंती तयार होत्या. केळीच्या बागेतला एक मजूर बायकोचे डोरले गहाण ठेवून कसलीशी भुकटी घेऊन आला होता. त्याला काहीही झालेले नव्हते. हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उजळण्याऐवजी पडला. कारण आजार नसेल तर डोरले कशासाठी गेले, हा प्रश्न आता त्याच्यापुढे उभा होता.

बायकांचे प्रश्न तर पडद्यापर्यंतही येत नसत. सासू, नणंद किंवा जाऊ यांच्या उपस्थितीत ते अडकून पडत. म्हणून मी वजनाचा काटा आतल्या खोलीत ठेवला होता आणि वजनाला बाईने एकटीनेच जायचे असा नियम केला होता. तेथे आमच्या सिस्टर असत. वयाने मोठ्या, आवाजाने हलक्या. त्या काट्यावर उभे राहून बायकांनी जे विचारले ते सिस्टर मला सांगत, आणि उत्तर पुन्हा त्यांच्याच तोंडून आत जाई. अंगावरून पांढरे जाते, हा पहिला प्रश्न. महिन्याच्या मध्यावर पाण्यासारखा, पारदर्शक स्राव होणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. त्याला दुर्गंधी येत असेल, खाज असेल, तो दह्यासारखा किंवा हिरवट असेल तर औषध घ्यावे, असे उत्तर. पहिल्या रात्री डाग पडला नाही, हा दुसरा. योनिमुखाशी असलेला पडदा कोणाचा लवचीक असतो, कोणाचा जन्मतःच अपुरा. अनेक मुलींना पहिल्या संबंधात रक्तस्राव होतच नाही, आणि तपासणी करून कौमार्य सांगू शकणारा डॉक्टर जगात नाही. बलात्कारपीडितेची दोन बोटांनी होणारी तपासणी करणाऱ्यास गैरवर्तनासाठी जबाबदार धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले. आमच्या काट्यावरच्या मुलींना तो निर्णय कितीतरी वर्षे आधी हवा होता. तिसरा प्रश्न वेदनेचा: ‘त्या वेळी दुखतं, ते सोसायचंच असतं ना?’ सोसायचे नसते. कोरडेपणा, जंतुसंसर्ग, भीतीने आवळलेले स्नायू, पाळी जाण्याच्या वयातील बदल अशी त्याची कारणे आहेत आणि बहुतेकांवर उपाय आहेत. चौथा प्रश्न फार थोड्या जणी विचारीत, तोही पन्नाशीच्या उंबरठ्यावर: ‘मला कधी काही वाटलंच नाही, हे बरोबर आहे का?’ त्या प्रश्नावर सिस्टर बराच वेळ आतून बाहेर येत नसत.

मग एड्सचे दिवस आले. १९८६ साली त्या वेळच्या मद्रासमध्ये देशातली पहिली बाधित माणसे आढळली. पुढील काही वर्षांतच सुरत ते कलकत्ता महामार्गावरचे आमचे गाव या भीतीच्या वाटेवर आले. डास चावून होतो का, एका ताटात जेवून होतो का, न्हाव्याच्या वस्तऱ्याने होतो का, असे प्रश्न आता पडद्यापाशी न थांबता बाकावरच मोठ्याने विचारले जाऊ लागले. डासाने होत नाही, ताटाने होत नाही. असुरक्षित संबंध, बाधित रक्त, दूषित सुया आणि बाधित मातेकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग. निरोध हा शब्द प्रथमच चारचौघांत उच्चारला गेला, हा त्या काळाचा लाभ. परंतु कामवासनेचे नाव काढताच मृत्यूचे चित्र डोळ्यांपुढे यावे, अशी सवयही त्याच काळाने लावली. एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत विनामूल्य औषधे मिळू लागली. आज नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही आणि माणूस पूर्ण आयुष्य जगतो. भीतीचे चित्र मात्र अजून कित्येक मनांच्या भिंतीवर तसेच टांगलेले आहे.

हे सारे आपल्या भाषेत सांगू पाहणारा एक माणूस आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे ज्येष्ठ चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले तेही त्याच वर्षी. या कार्यापायी त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून, ते चालवले. पुण्यात शिकत असताना त्याचे काही जुने अंक माझ्या पाहण्यात आले. त्यातला जो भाग मी सर्वांत आधी उघडला तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा. माझ्या दवाखान्यात पुढे जे प्रश्न येणार होते, ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तेथे येऊन गेले होते. कर्वे उत्तर देत ते गणिताच्या मास्तराने उदाहरण सोडवावे तसे: कोरडे, थोडके, पायरी न गाळता. त्या कोरडेपणातच मला त्यांची करुणा दिसली. विचारणाऱ्याला कीव नको असते. आपला प्रश्न इतर प्रश्नांसारखाच एक प्रश्न आहे, एवढे त्याला ऐकायचे असते.

त्यांच्यावर प्रथम खटला झाला तो १९३१ साली, एका लेखासाठी. १९३४ सालचा दुसरा खटला मात्र या प्रश्नोत्तरांसाठीच होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारले आणि संपादकाने छापून उत्तर दिले, हा अपराध. त्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलेले सर्वच अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या प्रश्नांत विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, अशी त्यांची मांडणी होती; हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचा आधार त्यांनी घेतला. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. एवढे व्याप ज्यांच्या मागे होते त्या बाबासाहेबांनी हे वकीलपत्र का घेतले असावे, याचा मी अनेकदा विचार केला आहे. मला वाटते, बोलण्याची बंदी हीसुद्धा एक अस्पृश्यताच आहे, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगावे लागले नसेल. ज्या शब्दाला शिवायचे नाही, त्या शब्दात जगणाऱ्या माणसालाही मग कोणी शिवत नाही.

या वाक्यापाशी आलो की मला दोन माणसे आठवतात. त्यांच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.

पहिली एक बाई. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला तीन वर्षे झालेली, डोकेदुखीसाठी यायची. गोळी लागू पडत नसे. सासू मुलाविषयी विचारी, तिच्या सर्व तपासण्या व्यवस्थित होत्या. एकदा वजनाच्या काट्यावर ती सिस्टरांना म्हणाली, ‘माझ्यात काही कमी आहे का हो, बाई?’ हळूहळू कळले ते असे: नवरा चांगला होता, मारीत नसे, पगार आणून हाती देई, आजारपणात उशाशी बसे, आणि तीन वर्षांत त्याने तिला जवळ घेतले नव्हते. तिने नवी लुगडी नेसून पाहिली, उपास केले, आरशात स्वतःचे दोष शोधले. तो नवरा माझ्याकडे एकदाच आला, संध्याकाळी, बाक रिकामा झाल्यावर. त्याला पुरुषांचीच ओढ होती आणि ती कळत्या वयापासून होती. लग्न झाले की सगळे सुरळीत होते असे त्याला वडीलधाऱ्यांनी सांगितले होते. काय सुरळीत व्हायचे आहे, हे मात्र कोणी विचारले नव्हते आणि त्यानेही सांगितले नव्हते. मी त्या माणसाला खलनायक मानू शकलो नाही. त्याच्या विसाव्या वर्षी एक सरळ वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचले असते, तर दोन आयुष्ये वाचली असती. न दिलेले उत्तर विरून जात नाही. ते दुसऱ्याच्या, बहुधा एखाद्या मुलीच्या, खात्यावर जमा होते. पुढे सामोपचाराने काडीमोड झाला. ती माहेरी गेली, शिकली, शिक्षिका झाली. जाण्याआधी ती भेटायला आली तेव्हा मी तिला तिच्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने दिले: तुझ्यात काहीही कमी नव्हते.

दुसरा एक तरुण. २०१२ साली त्याचे वडील त्याला घेऊन आले. वडील रेल्वेत इंजिन चालवीत, शब्द मोजून बोलणारे गृहस्थ. मुलाने लग्नाला नकार दिला होता आणि कारणही सांगितले होते. वडिलांनी मुलाला बाहेर बसवले आणि पडद्याशी न थांबता थेट विचारले, ‘डॉक्टरसाहेब, याला गोळी आहे का? इंजेक्शन? मुंबईला न्यावं लागलं तरी नेतो.’

मी ज्या पुस्तकांतून वैद्यक शिकलो त्यांत समलिंगी ओढ विकृतींच्या यादीत होती. परंतु अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली ती आजारांच्या यादीतून काढली होती आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. आजारच नाही त्याला गोळी कोठून असणार? विजेचे झटके देऊन, ओकारीची औषधे देऊन ही ओढ बदलण्याचे प्रयोग झाले. त्यांतून ओढ बदलली नाही, माणसे मात्र मोडली. हे मी वडिलांना सांगितले. ते म्हणाले, ‘मग ही आवड त्याला लागली कुठून? मित्रांमुळे? मुंबईला शिकायला ठेवला त्यामुळे?’

त्या वेळी मला एक मराठी शब्द उपयोगी पडला, आणि तो शब्द ज्याने कोणी या अर्थाने प्रथम वापरला त्याचा मी ऋणी आहे. मी म्हणालो, ‘ही आवड नाही, हा कल आहे. आवड लागते आणि सुटते. जमिनीला कल असतो तो कोणी लावलेला नसतो. पाणी त्या बाजूनं जातं. तुम्हाला वहिनींविषयी जे वाटलं ते तुम्ही कुठल्या मित्राकडून शिकला होतात का?’ ते काही बोलले नाहीत. मी पुढे सांगितले की वाढवण्यात तुमची काही चूक झालेली नाही. शंभरांतली काही माणसे जशी डावरी असतात तशी काहींची ओढ स्वतःच्या लिंगाच्या माणसांकडे असते, काहींची दोहोंकडे. आईच्या लाडाने तो घडत नाही आणि बापाच्या धाकाने मोडत नाही. सुमारे पाच लाख माणसांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यातही असे दिसले की एखादे जनुक हे ठरवीत नाही. अनुवंशाचा वाटा आहे, तो अनेक बारीक धाग्यांनी विणलेला आहे. ही माहिती तेव्हा माझ्या हाती नव्हती. असती तरी त्या बापाला ती पुरली नसती. त्याने विचारले, ‘तो बाईसारखा वागायला लागेल का?’ आपण पुरुष आहोत की स्त्री, हे माणसाला आतून जाणवते, ती एक गोष्ट. आपले मन कोणाकडे ओढ घेते, ती दुसरी. पहिलीबाबत निराळेपण असणाऱ्या पारलिंगी माणसांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यांच्या ओळखीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने पुढे एप्रिल २०१४ मध्ये मान्य केला. तुमचा मुलगा पुरुष आहे आणि पुरुषच राहील, एवढे सांगून मी थांबलो. जाताना त्यांनी विचारले, ‘मग मी आता काय करू?’ मी म्हणालो, ‘बाहेर तो दोन तास बसलाय. आधी त्याला चहा पाजा.’

त्या तरुणाचा दूरध्वनी पुढल्या वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये आला. १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये सज्ञान व्यक्तींच्या संमतीपुरते निष्प्रभ केले होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ‘काका, मी परत गुन्हेगार झालो का?’ असे त्याने विचारले. कलम कृतीविषयी आहे, माणूस असण्याविषयी नाही, असे उत्तर मी दिले. कायद्याने ते बरोबर होते, आणि देताना मला ते अपुरे वाटत होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे वगळले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम मुळी नाहीच. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळाला नाही. वैद्यकाचेही असेच पुढे-मागे होत राहिले. कल बदलण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या परिषदांना कळवले. त्याच आयोगाच्या २०२४ च्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्हे’ म्हणून अवतरले आणि ओरड होताच काही दिवसांत ते कागद मागे घेण्यात आले. पुस्तकातली ओळ खोडता येते. शिकवणाऱ्याच्या जिभेवरची ओळ खोडायला पिढी जावी लागते.

मी २०२० साली दवाखाना बंद केला. आता महिन्यातून एकदा एका महाविद्यालयात जातो. दारापाशी पत्र्याची एक पेटी ठेवलेली असते, मुले-मुली तीत निनावी चिठ्ठ्या टाकतात, आणि मी त्या वर्गात वाचून उत्तरे देतो. या मुलांच्या खिशात साऱ्या जगाची माहिती आहे. ती बहुधा इंग्रजीत असते, आणि चित्रफितींतून जे दिसते ते देहाविषयी खोटेच अधिक सांगते. म्हणून चिठ्ठ्या अजून तशाच येतात. आकार पुरेसा आहे का? शरीराच्या मापांत नाकाइतकेच वैविध्य असते आणि सुखाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पाळीत संबंध आला तर दिवस जातात का? शक्यता कमी, पण नाहीच असे नाही. तिने आधी हो म्हटले आणि मग नको म्हटले तर? मग नको. अडखळत येणाऱ्या या मराठीत मला हल्ली एक धीटपणा जाणवतो. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असतात.

मागे एकदा एक चिठ्ठी निघाली. अक्षर मुलाचे की मुलीचे, सांगता येऊ नये असे मुद्दाम काढलेले. ‘सर, आजार नाही हे माहीत आहे. कायदा माहीत आहे. आईला कोणत्या शब्दांत सांगू?’

मी ती मोठ्याने वाचली. वर्ग गप्प झाला. हसले मात्र कोणी नाही. माझ्या शास्त्रात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी सांगितले की घाई करू नये. घरातून बाहेर काढले जाण्याची भीती असेल तर पायावर उभे राहीपर्यंत थांबणे हा भित्रेपणा नव्हे. आधी एखाद्या विश्वासाच्या माणसाला सांगावे, मावशीला, मोठ्या भावाला, मास्तरांना. आणि सांगायचे ठरलेच, तर संस्कृत शब्द नकोत, इंग्रजीही नकोत. आईशी ज्या भाषेत भूक लागली म्हणून सांगतो, त्याच भाषेत सांगावे. मग मी फळ्याकडे वळलो आणि मला सुचली तशी तीन वाक्ये लिहिली. आई, माझं मन ज्यांच्याकडे जातं ते तुला वाटतं तसं नाही. मी आजारी नाही, कुणी मला बिघडवलेलं नाही. तुझ्याशी खोटं बोलून मला राहायचं नाही.

तास संपला. मुले उठली, बाके वाजली. निघता निघता दोन-तीन जण वह्या पुन्हा उघडून फळ्यावरचे उतरवून घेत होते. त्यांतली चिठ्ठी कोणाची, हे शोधण्याचे मला कारण नव्हते. फळा पुसायला आलेल्या शिपायाला मी थोडा वेळ थांबायला सांगितले.